म्हाताऱ्या पेशी मरत का नाहीत? पेशींचं म्हातारपण, आपलं म्हातारपण आणि खर्रा

वर्धेकाठी (धागाकर्ती)

गुडघे कुरकुरणं, कातडी सैल पडणं, जखम भरायला वेळ लागणं, ही म्हातारपणाची वरून दिसणारी लक्षणं. आत पेशींमध्ये काय घडतं याबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं आणि जे मिळतं त्यातलं बरंचसं काहीतरी विकायला लिहिलेलं असतं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम केलंय. मुलं या विषयावर इतकं खोदून खोदून विचारतात की एकदा सविस्तर लिहून काढावं असं वाटलं. आपल्यात शेतकरी आहेत, डॉक्टर आहेत, आशाताई आहेत. भर घाला, शंका विचारा.

सुरुवात एका जुन्या समजापासून करते. १९१२ साली अलेक्सी कॅरेल या नामांकित शल्यविशारदाने न्यूयॉर्कमध्ये कोंबडीच्या भ्रूणातल्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. त्या १९४६ पर्यंत वाढत होत्या, असं सांगितलं गेलं. ३४ वर्षं! एवढी तर कोंबडीसुद्धा जगत नाही. त्यावरून सगळे धरून चालले की पेशी अमर असते, म्हातारं होतं ते शरीर. दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत पेशी काही महिन्यांत थांबायच्या, पण कॅरेलला तेव्हाच नोबेल मिळालेलं, त्यामुळे लोक आपल्याच हाताला दोष देत.

हा समज मोडला लेनर्ड हेफ्लिकने. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये त्याने आणि पॉल मूरहेडने १९६१ साली दाखवलं की माणसाच्या निरोगी पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. भांड्यातल्या खाद्यात दोष असेल, विषाणू शिरला असेल, हे आक्षेप येणारच होते. म्हणून त्यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. बरेच वेळा विभागून झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोडेच वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी एकाच भांड्यात मिसळल्या. भांडं एक, खाद्य एक, हवा एक. काही काळाने त्यात फक्त स्त्रीच्या पेशी वाढत होत्या. पुरुषाच्या पेशींची मर्यादा संपली होती. दोष खाद्यात असता तर दोन्ही थांबल्या असत्या. पुढे पेशी गोठवूनही पाहिल्या. ३० वेळा विभागलेली पेशी गोठवून ठेवली आणि नंतर जागी केली, तर ती उरलेले वीसच फेरे पूर्ण करते. म्हणजे मोजणी पेशीच्या आतच होते.

ती कशी होते? गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी या अक्षरांची हजारो वेळा पुनरावृत्ती असते. ही टोकं म्हणजे टेलोमिअर. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक विभाजनात टोक थोडं आखूड होतं. मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्हने १९७१ साली हे नुसत्या विचाराने मांडलं होतं. टोक फारच आखूड झालं की पेशीला ते तुटलेल्या डीएनएसारखं वाटतं, मग पी५३ आणि पी१६ ही प्रथिनं विभाजनाला कायमचा ब्रेक लावतात. या अवस्थेला सेनेसन्स म्हणतात.

टेलोमिअर हे एकच कारण नाही. उन्हातले अतिनील किरण, तंबाखूचा धूर, क्ष-किरण, कर्करोगावरची काही औषधं यांनी डीएनए तुटला तरी पेशी अशीच थांबते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या जनुकात कर्करोगाकडे नेणारा बिघाड झाला तरीही थांबते. १९९७ साली निरोगी पेशींमध्ये बिघडलेलं ‘रास’ जनुक घातलं, तर त्या माजण्याऐवजी बंद पडल्या. विभाजन थांबवणं ही शरीराची कर्करोगाविरुद्धची भिंत आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. ही पेशी मरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तरुण तंतुपेशी (कोलेजन विणणाऱ्या पेशी) बारीक, निमुळत्या, एका दिशेने ओळीत लागलेल्या दिसतात. म्हाताऱ्या पसरट, अवाढव्य, कडा वेड्यावाकड्या, केंद्रक मोठं. आम्ही त्यांना एका खास रंगद्रव्यात ६ पीएचला रात्रभर ठेवायचो. सकाळी झाकण उघडलं की तरुण पेशी बिनरंगी आणि म्हाताऱ्या निळ्या झालेल्या असायच्या. ही पद्धत १९९५ साली ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने दिली. त्या शोधनिबंधात पहिलं नाव गोबर्धन दिमरी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचं आहे. वयस्कर माणसांच्या कातडीतही त्यांना अशा निळ्या पेशी जास्त सापडल्या.

या पेशी खातात-पितात आणि सतत काहीतरी बाहेर टाकत राहतात. कॅम्पिसींच्याच गटाने २००८ साली त्या स्रावाची छाननी केली. त्यात सूज चेतवणारी आयएल-६, आयएल-८ ही रसायनं होती आणि पेशी-पेशींच्या मधला कोलेजन या प्रथिनाचा सांगाडा कुरतडणारी एन्झाइम्सही होती. वय वाढलं की अंगात बारीक सूज सतत धुमसत राहते, तिचा एक उगम इथे आहे.

उंदरांमध्ये याचा थेट पुरावा मिळाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये असे उंदीर तयार केले की ज्यांच्या म्हाताऱ्या पेशी एक औषध टोचलं की मरतात. २०११ साली लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या जातीत हे करून पाहिलं, तेव्हा स्नायू आणि डोळे जास्त दिवस चांगले राहिले. २०१६ साली साध्या उंदरांत केलं, तर त्यांचं सरासरी आयुष्य जवळजवळ पाव हिश्शाने वाढलं आणि गाठीही उशिरा आल्या.

म्हणजे जी यंत्रणा तरुणपणी कर्करोग रोखते, तीच म्हातारपणी शेजारच्या पेशी बिघडवते. याची उत्क्रांतीच्या अंगाने संगती जॉर्ज विल्यम्स यांच्या १९५७ सालच्या विचारात सापडते. मूल होण्याच्या वयात उपयोगी पडणारा गुण निसर्गात टिकून राहतो, मग तो साठीनंतर त्रास का देईना. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि विकणारे नेमकी हीच सांगत नाहीत.

कापूसकोंडी

ताई, लय चांगलं लिहिलं. दोनदा वाचलं मी. एक गोष्ट सांगा मले. आढीत एक आंबा पिकला का त्याच्या बाजूचे बी लवकर पिकते. ह्या म्हाताऱ्या पेशीचं तसंच हाये का?

आनि दुसरं. दिवाळीच्या टायमाले पऱ्हाटीवर लाल्या येते, पानं लाल होऊन गळून जाते. ते पन म्हातारपनच हाये ना? का वेगळं?

वर्धेकाठी

@कापूसकोंडी भाऊ, आंब्याचं अगदी बरोबर धरलंत. पिकलेला आंबा इथिलीन वायू सोडतो आणि तो शेजारच्या आंब्याला पिकायचा निरोप देतो. म्हाताऱ्या पेशीचा स्रावही शेजारच्या धडधाकट पेशीला म्हातारी करू शकतो. २०१२-१३च्या सुमारास हे प्रयोगातून दिसलं. २०१८ साली तर तरुण उंदरांच्या अंगात थोड्याशा म्हाताऱ्या पेशी सोडून पाहिल्या. दर दहा हजारांमागे एकाच्या आसपास एवढंच प्रमाण, तरी त्या उंदरांची चाल मंदावली आणि पकड सैल झाली.

कपाशीवरच्या लाल्याचं वेगळं आहे. पान वाळतं तेव्हा झाड त्यातलं नत्र आणि मॅग्नेशियम काढून बोंडाकडे पाठवतं. बोंडं एकदम भरायला लागली, जमिनीत ही द्रव्यं कमी पडली आणि त्यात रात्री गार झाल्या, की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि लाल रंग दिसायला लागतो. म्हणून तर युरिया किंवा डीएपीसोबत मॅग्नेशियम सल्फेट फवारायला सांगतात. पानाचं मरण ठरलेलं असतं आणि त्यातून झाडाला परतावा मिळतो. आपल्या म्हाताऱ्या पेशी गळून पडत नाहीत. त्यांना उचलायला आपल्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी लागतात आणि वय वाढलं की त्यांचंही काम ढिलं पडतं.

मोहफूल

वाचतेय. एक छोटा प्रश्न, केस पांढरे होणं म्हणजे हेच का?

वर्धेकाठी

@मोहफूल, मुख्यतः नाही. केसाच्या मुळाशी रंग देणाऱ्या पेशी तयार करणारा साठा असतो, तो संपत जातो म्हणून केस पांढरे होतात.

आशा_गावकडची

ताई, हेफ्लिकचं नाव मी लसीच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं असं वाटतंय. रुबेलाच्या लसीशी त्यांचा काही संबंध आहे का? २०१८च्या शेवटी आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा पालकांची समजूत घालता घालता आमच्या नाकी नऊ आले होते.

वर्धेकाठी

@आशा_गावकडची, संबंध आहे आणि तो जवळचा आहे. हेफ्लिकने १९६२ साली डब्ल्यूआय-३८ नावाचा पेशींचा वाण तयार केला. रुबेलाच्या लसीतला दुबळा केलेला विषाणू, ज्याला आरए २७/३ म्हणतात, तो विस्टारमध्येच स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी या पेशींवर वाढवून घडवला. आपल्या मोहिमेतल्या लसीतला रुबेलाचा भागही याच जातीच्या विषाणूचा, माणसाच्या पेशींवर वाढवलेला. लसीसाठी या पेशी निवडण्याचं कारणच हे की त्या मर्यादित वेळा विभागतात, कर्करोगाच्या पेशींसारख्या बेलगाम वाढत नाहीत. पुढच्या वेळी पालकांना हे जरूर सांगा. तुम्ही घरोघर फिरून जे काम केलंत त्याबद्दल मनापासून नमस्कार.

नाना_उमरखेड

धागा उत्तम. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या नात्यातला एक मुलगा साखळी पद्धतीने एक पावडर विकतो. डब्यावर ‘टेलोमिअर वाढवणारी’ असं छापलेलं आहे आणि किंमत एवढी की आमच्याकडे सोंगणीच्या दिवसांत एका बाईची दोन आठवड्यांची मजुरी त्यात जाईल. माझ्या वहिनीने दोन डबे घेतले. टेलोमिअर वाढले तर माणूस तरुण होतो का, हे सरळ शब्दांत सांगाल का?

वर्धेकाठी

नानाजी, सरळ सांगते. नाही.

टेलोमिअर लांब करणारं एन्झाइम आपल्यातच असतं, त्याचं नाव टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर यांना ते १९८४ साली एका तळ्यातल्या एकपेशीय जिवात सापडलं. २००९ सालचं नोबेल या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. १९९८ साली माणसाच्या पेशींमध्ये टेलोमरेज सुरू करून पाहिलं तेव्हा त्या पेशी हेफ्लिकची मर्यादा ओलांडून पुढे गेल्या. विकणारे इथपर्यंत सांगतात आणि थांबतात.

त्याच्या पुढचं असं. माणसाच्या ८५ ते ९० टक्के कर्करोगांत हेच टेलोमरेज सुरू झालेलं आढळतं. गाठीला अमर व्हायला तेच लागतं. म्हणजे सगळ्या अंगातलं टेलोमरेज चालू करणारी पावडर खरंच असती, तर ती घ्यायची आपल्याला भीती वाटायला हवी होती. दुसरं, उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि तो दोन-तीन वर्षं जगतो. टेलोमिअरची लांबी म्हणजे आयुष्याची लांबी, हे गणित इथेच कोसळतं.

वहिनींना डबा परत करायला सांगा. ज्या बाईने दिवसभर वाकून सोयाबीन सोंगलं तिच्या घामाचा पैसा असल्या डब्यात जातो याचा मला फार राग येतो.

मुखवैद्य

मी दंतवैद्य आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसतो. ताईंनी तंबाखूचा ओझरता उल्लेख केलाय. मी तिथूनच पुढे लिहितो, कारण पेशींचं म्हातारपण मला रोज दिसतं आणि ते पंचविशीतल्या पोरांच्या तोंडात दिसतं.

पोरगा खुर्चीत बसतो. तक्रार दाताची नसते. “डॉक्टर, तिखट झोंबते, वरणातली फोडणीसुद्धा सहन होत नाही.” तोंड उघड म्हटलं की दोन बोटं जेमतेम आत जातात. स्वतःची तीन बोटं उभी धरून आरामात जायला हवीत, मोठ्या माणसाचं तोंड ४० मिलिमीटरच्या आसपास उघडायला हवं. गालाचा आतला भाग गुलाबी न दिसता फिकट, पांढुरका दिसतो. गालाच्या आत बोट फिरवलं की वरून खाली गेलेले कडक पट्टे हाताला लागतात. जीभ पूर्ण बाहेर येत नाही. बाकी विचारायची गरज पडत नाही, खिशातल्या खर्ऱ्याच्या पुडीचा वास आलेला असतो.

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्याने तो पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये नोंदवला. आता तो आपल्या पानठेल्यासमोर उभा आहे. खर्रा करायला ठेलेवाला पन्नीवर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना टाकतो, पाण्याचा हबका मारतो आणि दोन्ही हातांनी घोटतो. पोरगं ती पुडी गालात धरून अर्धा-अर्धा तास बसतं. पऱ्हाटीच्या वेचणीला बायासुद्धा भूक मारायला खातात.

आणि इथे एक गैरसमज आहे तो तोडलाच पाहिजे. लोक म्हणतात तंबाखू वाईट, आपण नुसती सुपारी खातो. हा आजार मुख्यतः सुपारीचाच आहे. सुपारीतलं अरेकोलीन तंतुपेशींना कोलेजन विणायला लावतं. सुपारीतल्या तांब्यामुळे ते कोलेजन एकमेकांत घट्ट बांधणारं एन्झाइम जोर धरतं. म्हणून गाल ताठ होतो. सुपारी स्वतः, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तसं ठरवून दोन दशकं झाली.

आता या धाग्याशी जोड. २०११ साली या आजाराच्या रुग्णांच्या गालातल्या तंतुपेशी वाढवून तपासल्या गेल्या. त्यात म्हाताऱ्या, विभाजन थांबलेल्या पेशींचा भरणा निरोगी माणसांपेक्षा जास्त निघाला. टेलोमिअर आखूड झाले म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. आतल्या ऑक्सिडीकरणाने डीएनए तुटत होता म्हणून थांबल्या होत्या. म्हणजे हे वयाचं म्हातारपण नव्हे, ओढवून घेतलेलं आहे. त्यातही एक गुंता आहे. या पेशी जी एन्झाइम्स सोडतात ती जादा कोलेजन थोडंफार विरघळवतात, म्हणजे एका बाजूने त्या गाल मोकळा करायला धडपडतात. दुसऱ्या बाजूने तीच एन्झाइम्स आणि सूज वरच्या थरातल्या बिघडलेल्या पेशींना खाली घुसायला वाट करून देऊ शकतात. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला, म्हणजे ७.६ टक्के. आकडा १९८५ साली प्रसिद्ध झालेला आहे. वाचताना टक्का लहान वाटतो. मी मात्र ज्यांना पुढच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, त्यांची नावं मला पाठ आहेत.

कापूसकोंडी

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून मी आरशापुढं उभा रायलो. माझं तोंड दोन बोटं आनि वर थोडं उघडते. तिसरं जात नाही. खर्रा बारावीपासून खातो. आता सोडला तर परत पयल्यासारखं होते का? खरं सांगजा.

मुखवैद्य

@कापूसकोंडी भाऊ, खरंच सांगतो. जे पट्टे तयार झालेत ते आपोआप पूर्ण जात नाहीत. पण आज सोडलात तर पुढे वाढणं थांबतं किंवा फार मंदावतं, जळजळ कमी होते, आणि तोंड उघडण्याचा व्यायाम नेटाने केला तर बऱ्याच जणांना फरक पडतो. लाकडी चपट्या काड्या दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवत न्यायची, हा तो व्यायाम. किती आणि कसा ते तपासूनच ठरवावं लागतं. गरज पडली तर गालात इंजेक्शनं देतात, फारच घट्ट असेल तर शस्त्रक्रिया. दोन बोटांच्या वर आहे म्हणजे तुम्ही वेळेत विचारलंत.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तोंडात कुठेही फोड, चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर थांबायचं नाही. दुखत नसली तरी दाखवायची.

खर्रा एकट्याने सुटत नसेल तर सरकारी मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. मराठीत बोला म्हणून सांगा.

नाना_उमरखेड

नुसती सुपारीसुद्धा? आमच्या घरी जेवण झालं की अडकित्ता फिरतो, पिढ्यान्‌पिढ्या. पाहुण्याला सुपारी दिली नाही तर मान राखला नाही म्हणतात.

मुखवैद्य

हो नानाजी, नुसतीसुद्धा. पाहुण्याला बडीशेप द्या. जवस-तीळ भाजून द्या, आपल्याकडे चांगलं जवस होतं.

तर्ककठोर

लेख चांगला आहे, पण उंदरांवरून माणसावर उडी मारताना जपून. उंदरांत जमलेली शेकडो औषधं माणसांत आपटली आहेत. ‘सेनोलिटिक’ (म्हाताऱ्या पेशी मारणाऱ्या) म्हणून गोळ्या आत्ताच परदेशातून मागवणारे लोक मला माहीत आहेत. शिवाय सासूबाईंचे गुडघे गेलेत. आयुष्यभर निंदण-खुरपण वाकून केलं. त्यांना कोणीतरी सांगितलं की म्हाताऱ्या पेशी मारायचं इंजेक्शन येतंय. येतंय का?

वर्धेकाठी

@तर्ककठोर, हा प्रश्न यायलाच हवा होता.

गुडघ्याचं आधी. २०१७ साली उंदरांच्या जखमी गुडघ्यातल्या म्हाताऱ्या पेशी काढल्या तर वेदना कमी झाल्या आणि कूर्चा सुधारली. त्यावरून युबीएक्स०१०१ हे औषध माणसांच्या गुडघ्यात टोचून पाहिलं. २०२० साली निकाल आला. १२ आठवड्यांनी औषध घेतलेल्यांत आणि नुसतं पाणी टोचलेल्यांत फरक पडला नाही. कंपनीने गुडघ्यासाठी ते औषध सोडून दिलं. तेव्हा सासूबाईंना सध्या असं इंजेक्शन नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन असेल तर ते उतरवणं, उकिडवं बसणं टाळणं, आणि गरज पडली तर सांधाबदल. यातलं व्यायामाचं काम दिसायला साधं आहे, पण त्याचा पुरावा भक्कम आहे.

गोळ्यांचं. २०१५ साली मेयो क्लिनिकमधून डॅसाटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी पुढे आली. म्हाताऱ्या पेशी न मरण्यासाठी काही बचावाचे मार्ग वापरतात, ही औषधं तेच बंद करतात. यातलं डॅसाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. रक्तातल्या पेशी कमी करतं, फुप्फुसाभोवती पाणी साठवू शकतं. २०१९ साली फुप्फुस कडक होत जाणाऱ्या आजाराच्या १४ रुग्णांना ही जोडी देऊन पाहिली. ते थोडं जास्त अंतर चालू शकले, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २०२४ साली पाळी गेलेल्या ६० स्त्रियांत हाडांसाठी तपासलं, ठरवलेला मुख्य परिणाम दिसला नाही. चाचणीबाहेर हे कोणी घेऊ नये.

क्वेर्सेटिन कांद्यात असतं म्हणून कांदा खा, असंही फिरतंय. १०० ग्रॅम कांद्यात साधारण ३०-४० मिलिग्रॅम. फुप्फुसाच्या त्या चाचणीतला दिवसाचा डोस १२५० मिलिग्रॅम होता. रोज तीन किलोच्या वर कांदे खावे लागतील. भाकरीबरोबर कांदा खा, चवीसाठी खा.

आणखी एक भीती मला वाटते. सगळ्या म्हाताऱ्या पेशी सरसकट मारणं बरोबर ठरेलच असं नाही. २०१४ साली उंदरांत दिसलं की जखम झाली की काही दिवसांत तिथे अशा पेशी तयार होतात, एक वाढ-घटक सोडतात आणि जखम भरायला मदत करतात. त्या काढल्या तर जखम उशिरा भरते. आईच्या पोटात बाळाचे अवयव घडतानाही ठरावीक जागी, ठरावीक वेळी त्या येतात आणि काम झालं की शरीर त्यांना उचलून नेतं. त्रास होतो तो त्या साचून राहतात तेव्हा.

माणसांतला एक पुरावा मला आशा देणारा वाटतो. २००९ साली रक्तातल्या टी-पेशींमधलं पी१६ मोजलं गेलं. वयाबरोबर ते वाढतं. पण तंबाखू ओढणाऱ्यांत आणि हालचाल कमी असणाऱ्यांत ते वयाच्या मानाने जास्त निघालं. हा नुसता संबंध आहे, यातून कारण सिद्ध होत नाही. तरी आपल्या हातात काय आहे ते यातून दिसतं.

तर्ककठोर

+१. समाधान झालं. सासूबाईंना फिजिओथेरपीला नेतो.

मोहफूल

उन्हाचं कोणी बोललं नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५च्या वर पारा, आणि बायका दुपारी संत्र्याच्या बागेत. माझ्या आईचा चेहरा आणि हात सत्तरीचे दिसतात, झाकलेले दंड चाळिशीचे.

वर्धेकाठी

@मोहफूल, तुम्ही जे आईच्या हातावर पाहताय तेच शास्त्रज्ञ कातडीचे नमुने घेऊन पाहतात. एकाच माणसाची उघडी आणि झाकलेली कातडी. वय तेच, आई-वडिलांकडून आलेली जनुकं तीच, फरक फक्त किरणांचा. अतिनील किरणांनी डीएनए तुटतो, तंतुपेशी थांबतात, त्यांच्या एन्झाइम्सनी कोलेजन तुटतं आणि सुरकुती पडते. तापमानाचा काटा आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिवाळ्यातल्या दुपारीही किरण असतातच. आपल्या बायका जुना फुलबाह्यांचा सदरा चढवून डोक्याला दुपट्टा गुंडाळून वेचणीला जातात, ते फार योग्य आहे. क्रीमपेक्षा तो सदरा जास्त उपयोगी.

कापूसकोंडी

डॉक्टरसाहेब, काल पुडी घेतली नाही. आज बी नाही. डोकं लय दुखून रायलं, चिडचिड होते. पोरगी म्हनते बाबा कायले ओरडता. आमच्या गावात माझ्यासारखे धा-बारा जन सहज निघतील, त्यायचं बी तोंड पाहाल का?

मुखवैद्य

डोकेदुखी आणि चिडचिड निकोटिन सुटल्याची आहे. पहिले काही दिवस जास्त असते, मग उतरत जाते. पाणी प्या, तलफ आली की बडीशेप चघळा, आणि पोरीला सांगून ठेवा कशामुळे होतंय ते.

सगळ्यांना घेऊन या. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो सोडून कधीही, सकाळी दहाच्या आधी. तोंड बघायचे पैसे घेत नाही. ज्यांचं तीन बोटं उघडतं त्यांनाही आणा, गालाचा रंग आधी बदलतो.

आशा_गावकडची

डॉक्टर, आमच्या उपकेंद्रावर पण एक दिवस याल का? बायांची यादी मी काढून ठेवते. त्या तुमच्या दवाखान्यात यायच्या नाहीत, पण उपकेंद्रावर येतील.

मुखवैद्य

येतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून तारीख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना आरसा आणि मोजपट्टी माझी आणतो, तुम्ही फक्त उजेडाची खोली बघून ठेवा.